एस३वास : सर्व जिल्ह्यांसाठी एकच संकेतस्थळ-साचा

महाराष्ट्रातील कोणत्याही जिल्ह्याचे अधिकृत संकेतस्थळ उघडले, तरी पानाची ठेवण बहुधा तीच असते. माथ्यावर अक्षरांचा आकार आणि भाषा बदलण्याची सोय असते, त्याखाली जिल्ह्याविषयी, निर्देशिका, पर्यटन, दस्तऐवज, सूचना अशी दालने असतात. हा सारखेपणा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने घडवलेल्या ‘एस३वास’ या सरकारी संकेतस्थळे तयार करण्याच्या प्रणालीमुळे आला आहे. देशातील ७००हून अधिक जिल्ह्यांचे प्रशासन स्वतंत्र, त्यांच्या भाषा निरनिराळ्या आणि मनुष्यबळ कमीअधिक. अशा विखुरलेल्या यंत्रणेला एका चौकटीत बसवण्याचे काम कागदावर वाटते त्याहून कितीतरी किचकट आहे, आणि त्याचा तांत्रिक भाग या प्रणालीने उत्तम रीतीने पार पाडला आहे, असे माझे मत आहे.

मराठी मजकूर वाचण्यासाठी आधी एखादा फॉन्ट उतरवून घ्यावा लागणारी सरकारी पाने ज्यांना आठवत असतील, त्यांना या बदलाचे मोल वेगळे सांगायला नको. आता मजकूर युनिकोडमध्ये असतो, पान मोबाइलवर नीट उघडते आणि सुरक्षेची दुरुस्ती प्रत्येक जिल्ह्याने स्वतंत्रपणे न करता एकाच ठिकाणी होते. सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ साली आली, परंतु ती पाळण्याची जबाबदारी प्रत्येक कार्यालयावर सोडली असती, तर दृष्टिबाधितांसाठीच्या सोयी किती ठिकाणी झाल्या असत्या याची शंकाच आहे. येथे त्या साच्यातच आहेत. सूचनांचा विभाग तर मला विशेष आवडला, कारण भरती असो वा निविदा, प्रत्येक नोंदीपुढे प्रारंभाची आणि शेवटची तारीख वेगळ्या रकान्यांत दिसते आणि मुदत संपलेल्या नोंदी संग्रहात पाहता येतात.

अडचण मात्र पानाच्या तळाशी लिहिलेलीच आहे. सामग्रीची मालकी जिल्हा प्रशासनाची आणि संकेतस्थळाचा विकास व होस्टिंग राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे, अशी विभागणी तेथे स्पष्ट नोंदवलेली असते. जिल्ह्यातील सूचना विज्ञान अधिकारी तंत्रज्ञ असतो; पुरवठा शाखेच्या पानावरचा मजकूर शिळा झाला आहे की नाही, हे ठरवणे त्याच्या अधिकारात येत नाही. ज्या शाखेच्या ते अधिकारात येते, तेथे संकेतस्थळाचे काम एखाद्या लिपिकाकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून असते आणि त्याची बदली झाली की लॉगिनही टेबलाच्या खणात राहते. तळाशीच ‘शेवटचे अद्ययावत’ अशी एक तारीख असते, पण ती संपूर्ण संकेतस्थळाची असते; काल एक निविदा चढवली, तर ती ताजी दिसते आणि दुसऱ्या कोपऱ्यातील नागरिकांची सनद किती जुनी आहे, हे वाचकाला कळत नाही.

माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील कलम ४ नुसार स्वतःहून प्रसिद्ध करायच्या १७ बाबींचे उदाहरण याच प्रकारचे आहे. ही माहिती दरवर्षी अद्ययावत करणे कायद्याने बंधनकारक आहे. एका जिल्ह्याच्या संकेतस्थळावर ती मला तिरप्या स्कॅन केलेल्या पीडीएफच्या रूपात सापडली. तीत शब्द शोधता येत नव्हता आणि पडदावाचक (पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणारी संगणकप्रणाली) वापरणाऱ्याला तर ती निव्वळ कोरी पाने. साच्याने सुगम्यतेसाठी घेतलेली सगळी मेहनत अशा एका फाइलपाशी वाया जाते.

दुसरी मर्यादा प्रणालीची नसून प्रशासनाच्या रचनेची आहे. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, पोलीस अधीक्षक आणि महानगरपालिका यांची संकेतस्थळे वेगवेगळी असतात, दाखल्यांचे अर्ज ‘आपले सरकार’वर करायचे असतात आणि सातबारा महाभूलेखवर पाहायचा असतो. जिल्ह्याचे संकेतस्थळ फार तर दुव्यांची वाट दाखवते. ब्रिटनने ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘गव्ह डॉट यूके’ हे सरकारी खात्यांचे सामायिक संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा खात्यांच्या रचनेऐवजी नागरिकाच्या गरजेनुसार पाने नव्याने लिहिली गेली आणि त्यासाठी लेखनाचे काम जाणणारी माणसे नेमली गेली. (तेथेही पुढे खात्यांच्या मजकुराची भर पडत पानांची संख्या लाखांच्या घरात गेली, हे विसरू नये.) आपल्याकडे साचा केंद्राने दिला, पण लिहिणारा माणूस मात्र कोणी दिला नाही.

तरीही नव्याने संकेतस्थळ करू पाहणाऱ्या सरकारी कार्यालयाने स्वतंत्र कंत्राट काढण्यापेक्षा हीच प्रणाली घ्यावी, असे मी सुचवेन. मात्र पहिले पान चढवण्याआधी कार्यालयीन आदेश काढून प्रत्येक दालनाची जबाबदारी व्यक्तीच्या नव्हे, पदाच्या नावे नोंदवावी, बदलीच्या वेळी कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत लॉगिनचा समावेश करावा आणि स्कॅन केलेली प्रत आली, तर ती मूळ टंकलिखित फाइल मागवण्यासाठी शाखेकडे परत पाठवावी.