स्वस्तातला कार स्टिरिओ स्वतः बसवताना: डेक, स्पीकर आणि कपलरचा जमाखर्च

दहा वर्षांपूर्वीच्या बेस मॉडेलच्या हॅचबॅकमध्ये गाणी ऐकण्याची सोय करायची, खर्च दहा हजारांच्या आत ठेवायचा आणि फिटिंग दुकानात न देता स्वतः करायचे, या तीन अटींत घेतलेल्या सामानाचे हे परीक्षण आहे. सामान असे: सीडी नसलेला, म्हणजे बाजारात ज्याला मेकलेस म्हणतात तो सिंगल डिन (डॅशबोर्डच्या एका खणात मावणारा) डेक ४,६०० रुपयांना, पुढच्या दारांसाठी साडेसहा इंची कोॲक्सिअल (मोठ्या शंकूच्या मध्यावरच छोटा ट्वीटर बसवलेल्या) स्पीकरची जोडी २,४०० रुपयांना, गाडीच्या मॉडेलप्रमाणे मिळणारा कपलर, म्हणजे गाडीचा सॉकेट आणि डेकच्या वायरी यांना जोडणारा तुकडा, ३०० रुपयांना, डॅशबोर्डची फ्रेम ४०० रुपयांना, दाराच्या पत्र्याची थरथर दाबणाऱ्या डॅम्पिंग शीट ७०० रुपयांच्या आणि टेप, स्पेसर (स्पीकरखाली बसवायची कडी), स्क्रू वगैरे किरकोळ ३०० रुपयांचे. एकूण ८,७०० रुपये. मॉडेलचे क्रमांक मुद्दाम देत नाही, कारण वर्ष-दीड वर्षात ते बदलतात आणि या किमतीच्या डेकमध्ये आवाजाचा म्हणावा असा फरक नसतो. या संपूर्ण खरेदीत पैसे सर्वांत जास्त वसूल झाले ते ३०० रुपयांच्या कपलरमध्ये आणि ७०० रुपयांच्या शीटमध्ये, हे माझे मत आधीच सांगून टाकतो.

डेकच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘५० वॅट × ४’ असे छापलेले असते आणि नवखा ग्राहक नेमका त्याच आकड्यावर भाळतो. हा आकडा किती खरा मानायचा, हे त्याच डेकच्या मागच्या बाजूला लावलेला फ्यूज सांगतो. तो १० अँपिअरचा आहे. इंजिन चालू असताना गाडीतील विद्युतदाब साधारण १४ व्होल्ट असतो, म्हणजे फ्यूज वितळू न देता डेकला सलग घेता येणारी शक्ती १४० वॅटच्या आसपास झाली, आणि त्यातलीही बरीचशी उष्णतेत जाते. मग चार स्पीकरना मिळून २०० वॅट येणार कोठून? डेकच्या आतल्या ॲम्प्लिफायरला बॅटरीच्या दाबावरच काम भागवावे लागत असल्यामुळे ४ ओहमच्या स्पीकरला विकृती न आणता दर चॅनलमागे सुमारे १५ ते २० वॅट मिळतात. एवढी शक्ती छोट्या गाडीला पुरेशी आहे. तेव्हा खोक्यावरील वॅटची तुलना करण्यात वेळ न घालवता डेकमध्ये हाय-पास फिल्टर (स्पीकरकडे जाणारे फार खालचे सूर अडवणारी सोय) आहे का, पुढे वेगळा ॲम्प्लिफायर, म्हणजे ॲम्प, जोडण्यासाठी मागे आरसीए प्री-आउट ही भोके आहेत का आणि जोडणीची आकृती असलेले पुस्तक खोक्यात आहे का, एवढे विचारून घ्यावे.

ठाण्यातील दोन दुकानांत चौकशी केली, तेव्हा डेक बसवण्याचा दर वेगवेगळा निघाला, पण पद्धत एकच सांगण्यात आली: गाडीचा मूळ सॉकेट कापायचा, रंग जुळवून वायरी पिळायच्या आणि वर काळी टेप गुंडाळायची. काम वीस मिनिटांत होते, हे खरे. मात्र आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डखाली त्या टेपचा गोंद सुटतो, पिळलेली जोडणी हादऱ्यांनी सैल होते आणि पुढे गाडी विकताना किंवा डेक बदलताना मूळ सॉकेट शिल्लकच राहिलेला नसतो. कपलरमुळे हा सारा व्याप टळतो. त्याचे एक टोक गाडीच्या सॉकेटमध्ये खट्कन बसते, दुसऱ्या टोकाच्या वायरी डेकसोबत आलेल्या वायरींना जोडायच्या असतात, आणि ही जोडणी गाडीत अंग वाकवून न करता घरातील टेबलावर उजेडात बसून करता येते. नवख्या माणसासाठी ही सवलत फार मोठी आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाडीचे नाव आणि वर्ष सांगितले की कपलर आणि फ्रेम दोन्ही काउंटरवर येतात. घरपोच मागवायचे असल्यास सॉकेटचा फोटो काढून पिना ताडून पाहाव्यात, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार सॉकेट बदललेला असतो.

वायरींचे रंग बहुतेक कंपन्यांच्या डेकमध्ये सारखेच असतात. पिवळी कायम चालू असणाऱ्या १२ व्होल्टची, लाल चावी फिरवल्यावर चालू होणारी, काळी अर्थची. पांढरी पुढच्या डाव्या स्पीकरची, करडी पुढच्या उजव्या, हिरवी मागच्या डाव्या आणि जांभळी मागच्या उजव्या स्पीकरची, आणि त्याच रंगावर काळी रेघ असेल तर ती त्या स्पीकरची ऋण बाजू. निळी वायर अँटेनाची आणि पांढऱ्या रेघेची निळी वायर ॲम्प चालू करण्याची. हे रंग डेकच्या बाजूचे झाले. गाडीच्या बाजूला रंगांवर विसंबू नये, तेथे मल्टिमीटरच प्रमाण मानावा. चावी काढलेली असतानाही ज्या पिनेवर साडेबारा व्होल्टच्या आसपास दाब दिसतो ती पिवळीची जागा, आणि चावी ॲक्सेसरीवर नेल्यावरच ज्या पिनेवर दाब येतो ती लालची. या दोघींची अदलाबदल झाली तर डेक वाजतो, परंतु गाडी बंद केली की घड्याळ आणि साठवलेली स्टेशने पुसली जातात. दोन्ही वायरी कायमच्या १२ व्होल्टवर जोडल्या, जशा काही ठिकाणी सोपे पडते म्हणून जोडतात, तर डेक पुरता बंदच होत नाही आणि आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी बसू शकते.

मोजमाप झाल्यावर प्रत्यक्ष जोडणीआधी बॅटरीचे ऋण टर्मिनल १० नंबरच्या पान्याने सोडवून बाजूला ठेवावे. आमच्या गाडीत एअरबॅग नाही, पण १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालकाची एअरबॅग सक्तीची झालेली असल्यामुळे त्यानंतरच्या गाडीत हात घालणाऱ्याने एक भान ठेवावे: पिवळ्या वेष्टणातील वायरींचा जुडगा किंवा पिवळा सॉकेट सहसा एअरबॅगचा असतो, त्याला मल्टिमीटरची सुईही लावायची नाही. डेकची पिवळी वायर वेगळी आणि हा पिवळा जुडगा वेगळा.

डेक म्हणून या वस्तूबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. ब्लूटूथ तत्परतेने जोडले जाते, बटणे न पाहता हाताला सापडतात, समोरचा पट्टा काढून खिशात टाकता येतो. रेडिओ मात्र पहिल्या दिवशी अर्धवट चालतो असे वाटू शकते. ट्यूनरचा प्रदेश ‘यूएसए’ असा ठेवलेला असेल, तर तो ०.२ मेगाहर्ट्झच्या उड्या मारत केवळ विषम दशांशांवर थांबतो. त्यामुळे मुंबईची ९८.३ किंवा १००.७ ही स्टेशने मिळतात आणि १०४ वरचे मिळत नाही. सेटिंगमध्ये प्रदेश बदलला की प्रश्न मिटतो. गाडीच्या अँटेनात बूस्टर असल्यास निळी वायर जोडलीच पाहिजे, नाहीतर गायमुखाच्या बाजूला डोंगर जवळ आला की खरखर सुरू होते. फोनवर बोलण्यासाठीचा माइक डेकच्या तोंडावरच बसवलेला आहे आणि तो सुमार आहे. काच बंद करून गाडी उभी असेल तरच समोरच्याला नीट ऐकू जाते.

खरे काम दारांत आहे. दाराचे पॅड काढण्यासाठी आधी काच वरखाली करण्याचे हँडल काढावे लागते आणि त्यावर कोठेही स्क्रू दिसत नाही. ते हँडल मागच्या बाजूने एका छोट्या स्प्रिंगच्या क्लिपने धरलेले असते. जुने सुती फडके हँडल आणि पॅड यांच्या फटीत सरकवावे, त्याची दोन टोके दोन हातांत धरून ते इकडून तिकडे घासत न्यावे. फडक्याचा धागा क्लिपच्या टोकात अडकतो आणि क्लिप टक् आवाज करून उडते. ती उडते कोठे, हा प्रश्न गंभीर असल्यामुळे दुसरा हात वर आडवा धरणारे कोणीतरी जवळ असावे. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये वॉचमन काकांनी हे काम हौसेने केले. पुढे आतल्या हँडलमागचा आणि आर्मरेस्टमधला स्क्रू काढला की पॅड कडेच्या क्लिपांवर उरते, आणि ते खालच्या कोपऱ्यापासून प्लास्टिकच्या पट्टीने उचलत गेल्यास क्लिपा सहसा तुटत नाहीत. तरीही दहा-वीस रुपयांच्या चार क्लिपा जवळ ठेवाव्यात.

पॅडच्या आत काळ्या चिकट डिंकाने लावलेला प्लास्टिकचा पातळ कागद दिसतो. अनेक फिटर तो फाडून फेकून देतात. ठाण्यात जून ते सप्टेंबर राहणाऱ्याने तो अजिबात फेकू नये. काचेच्या कडेने आत उतरलेले पावसाचे पाणी दाराच्या पत्र्यावरून खाली वाहत जाऊन तळाच्या भोकांतून बाहेर पडते. हा कागद नसेल तर तेच पाणी पॅडला भिजवत पायांखालच्या गालिच्यात उतरते आणि गाडीत कुबट वास धरतो. कागद डिंकासकट हळूहळू सोलून बाजूला घ्यावा, काम झाल्यावर तसाच दाबून चिकटवावा. स्पीकर कागदातून पुढे येत असेल, तर तेवढेच भोक कापावे आणि मॅग्नेटच्या वर पाणी उडू नये म्हणून फोमची छोटी पडवी लावावी.

डॅम्पिंग शीट म्हणजे ब्यूटाइल रबरावर ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेली जड चादर. संपूर्ण दार मढवण्याची आवश्यकता नाही. स्पीकरच्या बरोबर मागे बाहेरच्या पत्र्यावर एक मोठा तुकडा आणि आतल्या पत्र्यावर स्पीकरभोवती थोडे तुकडे रोलरने घट्ट दाबून बसवले, तरी बोटाने वाजवल्यावर पत्र्याचा टणटण आवाज जाऊन तेथे मंद ठक् असा आवाज येतो. त्यानंतर स्पेसरखाली आणि स्पीकरच्या कडेखाली फोमची टेप लावायची, म्हणजे शंकूच्या मागचा आणि पुढचा आवाज एकमेकांत मिसळून बास मारला जात नाही. हेच स्पीकर मी एका दारात शीट आणि फोमसह, दुसऱ्यात नुसते स्क्रूने बसवून तबल्याच्या एका रेकॉर्डिंगवर ऐकले. बायाँचा घुमारा पहिल्या दारातून येत होता आणि दुसऱ्या दारातून त्या जागी पत्र्याची थरथर. दुसरे दार त्याच दिवशी पुन्हा उघडून तेथेही शीट लावली. स्पीकर कायमचा आवळण्यापूर्वी काच तळापर्यंत खाली करून ती मॅग्नेटला घासत नाही ना, हे पाहणे अनिवार्य.

स्पीकरची धन-ऋण बाजू तपासण्याची युक्ती स्वस्त आहे. दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलची दोन टोके स्पीकरच्या वायरींना क्षणभर टेकवावीत; शंकू बाहेर ढकलला गेला, तर सेलच्या धन टोकाला लागलेली वायर धन. ही तपासणी डेक जोडण्याआधी करायची असते, डेकला लागलेल्या वायरींवर नव्हे. दोन दारांपैकी एका दारात वायरी उलट लागल्या तर काहीही जळत नाही, पण बास गायब होतो आणि गायकाचा आवाज डॅशबोर्डच्या मध्यातून येण्याऐवजी गाडीभर विखुरतो. स्पीकर फालतू निघाले अशी जी तक्रार पुष्कळदा ऐकू येते, तिच्या मुळाशी अनेकदा एवढेच असते.

आता ऐकण्याबद्दल. घोडबंदर रस्त्यावर कापूरबावडीपासून कासारवडवलीपर्यंत संध्याकाळी जी गर्दी असते, तिच्यात बातम्या, गप्पा, भावगीत, नाट्यसंगीत या साऱ्यांसाठी ही व्यवस्था उत्तम आहे. शब्द स्पष्ट येतात आणि आवाज मोठा करावाच लागत नाही. पाम बीच मार्गावर वेग घेतला, की टायरचा आवाज पहिल्यांदा खालचे सूर गिळतो आणि मग आवाज वाढवण्याचा मोह होतो. डेकच्या ४० पैकी ३० पर्यंत आवाज स्वच्छ राहतो, पुढे ढोल-ताशा फुटू लागतो. हाय-पास फिल्टर ८० हर्ट्झवर ठेवल्यास साडेसहा इंचाच्या शंकूवर न झेपणाऱ्या बासचे ओझे येत नाही आणि तीच मर्यादा आणखी दोन-तीन पायऱ्या वर सरकते. छातीत घुमणारा बास या संचातून निघणार नाही, आणि तशी अपेक्षा असणाऱ्याने तो घेऊ नये.

मागच्या दारांत स्पीकर लावू नयेत, असे मी सुचवेन. आमच्या गाडीत पुढच्या दारांपर्यंत वायर कारखान्यातूनच आलेली होती, मागे नव्हती. दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीतून नवी वायर ओवणे हे या साऱ्यातले सर्वांत किचकट काम आहे आणि पुढे बसणाऱ्याला त्याचा लाभ नगण्य. मागच्या स्पीकरवर जाणारे दोन हजार पुढच्या स्पीकरमध्ये घालावेत.

गाडी कंपनीच्या वॉरंटीत असेल तर वायर कापल्यास इलेक्ट्रिकल दाव्याला आडकाठी येऊ शकते. कपलर वापरण्याचे तेही एक कारण आहे. विम्याच्या बाबतीत, बाहेरून बसवलेले इलेक्ट्रिकल सामान पॉलिसीत वेगळे नोंदवावे लागते, तेव्हा बिले जपून ठेवावीत. डेकच्या वॉरंटीसाठी काही विक्रेते अधिकृत फिटिंगचा शिक्का मागतात. पैसे देण्यापूर्वी हे विचारून बिलावर लिहून घ्यावे.

पुढे कधी ॲम्प आणि सबवूफर (फक्त बाससाठीचा मोठा स्पीकर) लावायचे ठरले, तर ते काम मी दुकानात देईन. त्यासाठी बॅटरीपासून जाड वायर फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून, आत आणावी लागते आणि बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज लावावाच लागतो; तो नसताना पत्र्याच्या धारेवर वायरीचे आवरण कापले गेले, तर आग लागू शकते. दुकान निवडताना तेथील फिटर हा फ्यूज कोठे लावतो, हे मी आधी विचारीन आणि दर नंतर.