एल्फनगरीच्या रूढी कार्डांवर मांडताना: ‘मायक्रोस्कोप’ची पारख

एल्फ म्हणजे कल्पनाकथांतले माणसासारखे, पण दीर्घायुषी लोक. त्यांच्या काल्पनिक नगरीचे कायदे लिहायला घेतले की वही ठरावीक नियमांनी भरते: झाड तोडू नये, राणीकडे पाठ करू नये, पाहुण्याने शस्त्र दाराबाहेर ठेवावं. नियम भारदस्त वाटतात, पण खाली मूळच नसतं. बेन रॉबिन्स यांचा ‘मायक्रोस्कोप’ (लेम मेज प्रॉडक्शन्स, २०११) हा खेळाडूंनी मिळून एखाद्या जगाचा इतिहास रचण्याचा टेबलावरचा खेळ नेमकी ही उणीव भरून काढतो. कायद्याचं कलम मात्र तो देत नाही, कलमामागची भानगड देतो. घेण्याआधी एवढं ध्यानात असू द्यावं.

नियमपुस्तिकेखेरीज कोरी कार्डं आणि पेनं एवढंच सामान लागतं. खेळाडू २ ते ४. सूत्रधार नाही, घरून काही तयारी करून यायची नाही. आधी अख्खा इतिहास एका वाक्यात सांगायचा. मग त्याचा पहिला आणि शेवटचा कालखंड ठरवायचा, म्हणजे नगरीचा शेवट खेळ सुरू होण्याआधीच माहीत असतो. त्यानंतर ‘हो-नाही’ची यादी: नेहमी नसतं पण इथे चालेल असं काय, आणि नेहमी असतं पण इथे नको असं काय. बहुतेक डाव इथेच पातळ होतात. ‘एल्फ शहाणे असतात’ ही नोंद काही कामाची नाही. ‘नाही: लेखी कायदा’, ‘नाही: देहदंड’, ‘हो: झाडाला साक्षीदार धरता येतं’ अशा नोंदी केल्या की पुढची प्रत्येक रूढी त्यांच्या कुंपणात वाढते.

मग प्रत्येकजण एकेक कालखंड किंवा घटना मांडतो आणि खरा खेळ सुरू होतो. प्रत्येक फेरीत एकजण ‘भिंग’ होतो आणि विषय ठरवतो. त्या फेरीतलं सगळं त्या विषयाला धरूनच हवं. कालखंडाच्या पोटात घटना, घटनेच्या पोटात प्रसंग. प्रत्येक कार्डावर त्या गोष्टीचा सूर दाखवणारा एक गोल: कोरा ठेवला तर उजळ, भरला तर काळोखी. प्रसंगाची सुरुवात प्रश्नाने होते आणि उत्तर मिळालं की प्रसंग संपतो.

रूढीसाठी सोनं आहे ते या प्रश्नात. समजा रिवाज असा, की पाहुण्याने पहिला घोट यजमानाच्या अंगणातल्या झाडाच्या मुळाशी ओतायचा. प्रश्न: ‘पहिल्यांदा कोणी ओतला, आणि का?’ उत्तर: दोन घराण्यांच्या तहाच्या रात्री पाहुण्याने विष आहे का ते पाहिलं. संशयातून निघालेली कृती, आणि काही शतकांनी तीच यजमानाचा मान ठरते. एकट्याने वहीत लिहिताना ही उलटापालट सहसा सुचत नाही. इथे ती आपसूक होते, कारण दुसऱ्याच्या पाळीत सल्ला द्यायला सक्त मनाई आहे आणि मांडलेली गोष्ट खोडताही येत नाही. (सल्ला न देणं हा मराठी मंडळींसाठी खेळातला सर्वांत कठीण नियम.) नको असलेली गोष्ट वळवायची तर काळात मागे किंवा पुढे जाऊन नवं कार्ड घालायचं. नगरी जाळून टाका, पुढच्या पाळीत जळण्याआधीचा लग्नसोहळा मांडा, काही अडत नाही.

एल्फांपुरती एक अडचण मात्र खेळ सोडवत नाही. कालखंड दशकांचा किंवा शतकांचा असतो. माणसांच्या नगरीत तेवढ्यात तीन-चार पिढ्या सरतात, रूढीमागचं कारण विसरलं जातं आणि रूढी उरते. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रं वठवण्याच्या खेळाच्या २०१४च्या नियमांत एल्फ ७५० वर्षांपर्यंत जगतो. तिथे विषाची ती रात्र स्वतः पाहिलेली आजी अजून ओसरीवर बसलेली असते. तिच्यासमोर घोट ओतणं म्हणजे तिच्या घरावर आळ घेणं. उपाय दोन. एक तर कालखंड किमान २,००० वर्षांचे धरावेत, किंवा हाच तिढा कायद्यात आणावा: ज्याने मूळ घटना पाहिली आहे त्याच्या दारी रिवाज पाळायचा नाही. दुसरा उपाय अधिक रसाळ, कारण मग अंगणात पाऊल टाकण्याआधी यजमानाचं वय विचारण्याचाही एक शिष्टाचार लागतो.

खेळ संपल्यावर हातात कार्डांची चळत असते, कलम नसतं. ते वेगळं लिहावं लागतं: कोणाला लागू, नेमकी कृती काय, माफी कधी, मोडल्यास काय, लक्ष कोण ठेवतं. माफी आणि लक्ष ठेवणारा हे दोन रकाने रिकामे राहिले तर गोष्टीत त्या कायद्यावरून भांडणच होत नाही. यासाठी नमुना घरातच आहे. मराठेशाहीतल्या मजहरात, म्हणजे निवाड्याच्या दस्तऐवजात, वाद, साक्षी आणि निवाडा एकाच कागदावर असे आणि पाटलाची निशाणी म्हणून नांगर काढलेला असे. शिवाय कित्येक वतनी तंटे पहिला विडा, पहिला टिळा कोणाचा यावरूनच पेटत. नगरीच्या शिष्टाचारात हा मानपानाचा क्रम आधी ठरवावा. अभिवादनाचे हातवारे मागून आले तरी चालतात.

प्रसंग अभिनयासह खेळण्यात वेळ फार जातो. कायद्यांसाठीच बसला असाल तर बरेचसे प्रसंग एकाने सांगून टाकावेत, खेळात तशी सोय आहे. साभिनय प्रसंग फक्त निवाड्याचे ठेवावेत. दोघांत खेळ चालतो, पण रूढीला विरोध करणारा तिसरा असला की अपवाद भराभर निघतात. पुस्तिका इंग्रजीत आहे. कार्डं मराठीत लिहिली तर काही बिघडत नाही, उलट ‘मान’, ‘आण’, ‘विटाळ’, ‘ओटी’ असे शब्द आले की रिवाज लगेच अंगाला लागतात. एकाच नगरीचा किंवा एकाच वस्तूचा इतिहास हवा असेल तर ‘मायक्रोस्कोप एक्सप्लोरर’ या पुरवणीतला ‘क्रॉनिकल’ हा प्रकार मूळ खेळापेक्षा जवळचा पडतो, पण आधी मूळ खेळाचे दोन डाव झालेले असावेत.