विंडोज १० वरच राहावे, विंडोज ११ घ्यावे की लिनक्सकडे वळावे?

विंडोज १० ही ऑपरेटिंग सिस्टिम २९ जुलै २०१५ रोजी आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने तिच्यासाठीच्या नियमित अपडेट्स थांबवल्या. त्या तारखेनंतरही ती असलेले संगणक पूर्वीसारखेच सुरू होतात, फाइली उघडतात, प्रिंटर चालतो, आणि त्यामुळेच अपग्रेडचा निर्णय पुढे ढकलणे सोपे जाते. जे थांबले ते रोजच्या वापरात कधी दिसतच नव्हते: दर महिन्याला मिळणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या. ज्यांच्या संगणकावर अजून विंडोज १० आहे त्यांच्यापुढे तीन मार्ग आहेत. वाढीव मुदतीच्या योजनेत नाव नोंदवून आहे तिथेच राहणे, विंडोज ११ वर जाणे, किंवा त्याच संगणकावर लिनक्स ही विनाशुल्क मिळणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकणे. नव्या सिस्टिममध्ये कोणत्या सोयी वाढल्या आहेत, यावर या निवडीची चर्चा बहुधा अडकते. माझ्या मते तो मुद्दा दुय्यम आहे. संगणकाला पुढची काही वर्षे दुरुस्त्या मिळत राहतील का, आणि ज्या कामासाठी तो ठेवला आहे ते काम त्यावर होईल का, एवढ्या दोन प्रश्नांवर हा निर्णय घ्यावा.

दुरुस्त्या थांबल्याने नेमके काय बिघडते

विंडोज १० आणि विंडोज ११ यांचा अंतर्गत पाया मोठ्या प्रमाणात एकच आहे. विंडोज ११ साठी एखादी सुरक्षा-दुरुस्ती प्रसिद्ध होते तेव्हा दुरुस्तीपूर्वीच्या आणि नंतरच्या फाइली शेजारी ठेवून नेमके कोणते छिद्र बुजवले गेले हे जाणकारांना शोधता येते, आणि हल्लेखोरही हेच करतात. तेच छिद्र जुन्या सिस्टिममध्ये असेल आणि तिला दुरुस्ती मिळणार नसेल, तर ते कायमचे उघडे राहते व त्याचा पत्ताही जाहीर झालेला असतो. म्हणूनच मुदत संपलेल्या सिस्टिमचा धोका पहिल्या दिवशी फारसा नसतो, पण तो महिन्यागणिक साचत जातो.

मे २०१७ मधील वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसचे उदाहरण इथे उपयोगी आहे, आणि त्याचा बोध दुहेरी आहे. ज्या त्रुटीतून तो पसरला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. विंडोज एक्सपीची मुदत एप्रिल २०१४ मध्ये संपलेली असल्याने तिला मात्र ती तेव्हा मिळाली नव्हती, आणि हल्ल्यानंतर तिच्यासाठी अपवाद म्हणून दुरुस्ती काढावी लागली. तरीही बाधित झालेल्या संगणकांपैकी बहुसंख्य संगणकांवर विंडोज ७ होते, म्हणजे त्या वेळी मुदतीत असलेली सिस्टिम होती. फक्त त्यांवर आलेली अपडेट बसवलेली नव्हती. विंडोज ११ टाकून त्याच्या अपडेट्स महिनोन्‌महिने लांबवणाऱ्याची स्थिती जुन्याच सिस्टिमवर राहणाऱ्यापेक्षा फार चांगली नसते.

विंडोज १० वरच राहणे

घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा-अपडेट्सची योजना जाहीर केली असून तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. त्यासाठी संगणकावर विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती असावी लागते आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने नोंदणी करावी लागते. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात ठेवण्याची तयारी असल्यास शुल्क पडत नाही. संस्थांसाठी हीच योजना वर्षावर्षाने विकत घेऊन तीन वर्षांपर्यंत वाढवता येते, मात्र तिचे शुल्क दर वर्षी दुप्पट होत जाते. या योजनेत फक्त महत्त्वाच्या सुरक्षा-दुरुस्त्या येतात. नव्या सोयी किंवा सर्वसाधारण तांत्रिक मदत तीत नाही.

या मार्गाचा मोठा फायदा म्हणजे काहीही बदलत नाही. जुने सॉफ्टवेअर, जुना स्कॅनर, हाताला बसलेली सवय, सारे तसेच राहते. ब्राउझर आणि इतर प्रोग्रॅमही लगेच साथ सोडत नाहीत. विंडोज ७ ची मुदत जानेवारी २०२० मध्ये संपली, पण क्रोम ब्राउझरने त्यानंतर सुमारे तीन वर्षे तिच्यावर काम केले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० व्या आवृत्तीपासूनच तिला वगळले. डिफेंडर या अंगभूत अँटिव्हायरसला व्हायरस ओळखण्याची माहिती विंडोज १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहील, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले आहे. मात्र या आश्वासनावर विसंबून निर्धास्त राहणे मला धोक्याचे वाटते. अँटिव्हायरस ओळखीच्या घातक फाइली पकडतो, पण सिस्टिममधील छिद्र बुजवणे हे त्याचे काम नाही.

म्हणून वाढीव मुदत हा स्वतंत्र पर्याय न मानता पुढच्या बदलाच्या तयारीसाठी मिळालेला अवधी मानावा. ज्यांना वर्षभरात संगणकच बदलायचा आहे, किंवा ज्यांचे एखादे महत्त्वाचे काम मध्यावर आहे, त्यांच्यासाठी ती उत्तम सोय आहे. बाकीच्यांसाठी ती पुढे ढकललेली तीच अडचण ठरते.

एक अपवाद मात्र आवर्जून नोंदवावासा वाटतो. एखाद्या जुन्या यंत्राला, प्रयोगशाळेतील उपकरणाला किंवा शिवणयंत्राला जोडलेला संगणक, ज्याचे सॉफ्टवेअर नव्या सिस्टिमवर चालणारच नाही, तो आहे तसाच ठेवण्यात गैर काही नाही. त्याची इंटरनेटची जोडणी काढून टाकावी, त्यावर मेल किंवा ब्राउझर वापरू नये, आणि त्याला लावण्यापूर्वी प्रत्येक पेन ड्राइव्ह दुसऱ्या सुरक्षित संगणकावर तपासून घ्यावा.

विंडोज ११ वर जाणे

हे अपग्रेड विनाशुल्क आहे, पण त्याच्या अटी पूर्वीच्या कोणत्याही अपग्रेडपेक्षा कडक आहेत. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा या अटी किरकोळ वाटतात. खरी अडचण प्रोसेसर, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० या तिघांची आहे. इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे आणि एएमडीचे साधारण रायझन २००० मालिकेपासूनचे प्रोसेसर अधिकृत यादीत आहेत. म्हणजे २०१७ च्या आधीचे बहुतेक संगणक, ते कितीही वेगवान असले तरी, यादीबाहेर राहतात. टीपीएम म्हणजे कूटबद्धीकरणाच्या (माहिती किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करण्याच्या) किल्ल्या सुरक्षित ठेवणारी चिप किंवा प्रोसेसरमध्येच बसवलेली तिची सोय. सिक्युअर बूट म्हणजे संगणक सुरू होताना फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअरच चालू देणारी सोय.

मायक्रोसॉफ्टच्या ‘पीसी हेल्थ चेक’ या प्रोग्रॅमने संगणक अपात्र ठरवला की अनेकजण तिथेच थांबतात. ही घाई करू नये. विशेषतः जोडणी करून घेतलेल्या डेस्कटॉपमध्ये टीपीएमची सोय मदरबोर्डवर असते, पण ती बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेली असते. इंटेलच्या मदरबोर्डवर ती ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या मदरबोर्डवर ‘एफटीपीएम’ या नावाने सापडते. कधी संगणक जुन्या ‘लेगसी’ पद्धतीने सुरू होत असतो आणि त्यामुळे सिक्युअर बूट उपलब्ध नाही असे दिसते. अशा वेळी डिस्कची रचना एमबीआर या जुन्या प्रकारातून जीपीटी या नव्या प्रकारात बदलून संगणक सुरू होण्याची यूईएफआय ही नवी पद्धत चालू करता येते, आणि त्यासाठी विंडोजमध्येच ‘एमबीआर२जीपीटी’ नावाचे साधन आहे. हे काम जाणकाराकडून आणि बॅकअप घेतल्यावरच करावे. प्रोसेसरच यादीबाहेर असेल तर मात्र सेटिंग्ज बदलून उपयोग नाही.

अटी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या सर्वत्र सांगितल्या जातात आणि त्या अनेकदा चालतातही. तरी रोजच्या कामाच्या संगणकासाठी त्या मी सुचवणार नाही. अशा संगणकाला अपडेट्स मिळण्याची हमी नाही, असे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट म्हटले आहे. आणि ज्या दुरुस्त्यांसाठी अपग्रेड करायचे त्यांचीच हमी नसेल तर या खटाटोपाचा हेतूच उरत नाही. शिवाय दर वर्षी येणारी मोठी आवृत्ती अशा संगणकावर प्रत्येक वेळी हाताने बसवावी लागते. २०२४ मध्ये आलेल्या २४एच२ या आवृत्तीला तर प्रोसेसरमध्ये ‘पॉपकाउंट’सारख्या सूचना असणे अनिवार्य झाले, आणि त्या नसलेल्या फार जुन्या संगणकांवर ती सुरूच होत नाही.

संगणक पात्र असेल तर वेगाचा विचार करावा. कागदावरच्या ४ जीबी रॅममध्ये विंडोज ११ सुरू होते, पण ब्राउझर आणि एखादा प्रोग्रॅम एकत्र उघडताच ते रेंगाळते. सुखाने काम करण्यासाठी ८ जीबी रॅम आणि एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) असावी. संगणक आत्ताच मंद असेल आणि त्यात फिरती हार्ड डिस्क असेल, तर आधी एसएसडी बसवून पाहावे. त्याने जो फरक पडतो तो कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टिमने पडत नाही.

सॉफ्टवेअर आणि जोडलेल्या उपकरणांच्या बाबतीत बातमी बहुतांशी चांगली आहे. ६४ बिटच्या विंडोज १० वर चालणारे प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर (जोडलेली उपकरणे चालवणारे सॉफ्टवेअर) सहसा विंडोज ११ वरही चालतात. अडचण येते ती ३२ बिटची सिस्टिम वापरणाऱ्यांना. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही, त्यामुळे सिस्टिम नव्याने टाकावी लागते, आणि १६ बिटचे फार जुने प्रोग्रॅम तर चालणारच नाहीत. ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सुरक्षेची सोय चालू असल्यास काही जुने ड्रायव्हर अडवले जातात. स्कॅनर किंवा डाँगलवर (यूएसबीला लावायच्या परवाना-किल्लीवर) चालणारे सॉफ्टवेअर असणाऱ्यांनी उत्पादकाकडे आधी चौकशी करावी.

खाते आणि खासगीपणा हा मुद्दा मला वेगाहून अधिक गंभीर वाटतो. विंडोज ११ नव्याने बसवताना मायक्रोसॉफ्ट खाते आणि इंटरनेट मागितले जाते. खात्याने प्रवेश केल्यावर डेस्कटॉप व डॉक्युमेंट्ससारखे फोल्डर वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत जाऊ शकतात, आणि तिथली विनाशुल्क जागा केवळ ५ जीबी आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे २४एच२ पासून नव्याने बसवलेल्या सिस्टिममध्ये डिस्क आपोआप कूटबद्ध होऊ शकते आणि तिची रिकव्हरी की (डिस्क उघडण्याचा लांबलचक आकडा) त्या खात्यात ठेवली जाते. चोरी झाल्यास यामुळे माहिती सुरक्षित राहते. पण खात्याचा पासवर्ड हरवला आणि की दुसरीकडे लिहून ठेवलेली नसेल, तर मालकालाही स्वतःच्या फाइली परत मिळत नाहीत. ही की कागदावर उतरवून घेणे हे अपग्रेडच्या कामाचाच भाग समजावे.

लिनक्सकडे वळणे

ज्यांचा संगणक विंडोज ११ साठी अपात्र आहे पण चांगल्या स्थितीत आहे, त्यांनी या मार्गाचा खरोखर विचार करावा. लिनक्स मिंट किंवा उबुंटू यांसारख्या सिस्टिम विनाशुल्क मिळतात, टीपीएमची अट घालत नाहीत, आणि दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना वर्षानुवर्षे दुरुस्त्या मिळतात. उबुंटू २४.०४ आणि तिच्यावर बेतलेले मिंट २२ यांची मुदत २०२९ पर्यंत आहे. तीनही मार्गांत केवळ याच मार्गाची आधी चाचणी घेता येते: पेन ड्राइव्हवरून सिस्टिम सुरू करावी, डिस्कला हात न लावता वाय-फाय, आवाज, प्रिंटर आणि वेबकॅम चालतात का ते पाहावे, आणि मगच ठरवावे.

काम ब्राउझर, मेल, व्हिडिओ आणि साधा पत्रव्यवहार एवढेच असेल, तर नव्या सिस्टिमशी जुळवून घ्यायला फार वेळ लागत नाही. मात्र मायक्रोसॉफ्ट ऑफिस आणि अडोबीचे प्रोग्रॅम लिनक्सवर थेट चालत नाहीत. लिब्रेऑफिस हा ऑफिसचा विनाशुल्क पर्याय वर्डच्या फाइली उघडतो, पण गुंतागुंतीचे तक्ते किंवा मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या सूचना) असलेल्या एक्सेल फाइली रोज इतरांशी देवाणघेवाण कराव्या लागत असतील तर मनस्ताप होतो. हिशेबाचे किंवा करविवरणाचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालणारे असेल, तर हा मार्ग तिथेच बंद होतो. घरात अडचण सोडवणारे कोणी आहे का, हेही प्रामाणिकपणे पाहावे. ज्येष्ठ व्यक्तीच्या संगणकावर लिनक्स टाकून देणाऱ्याने पुढची काही वर्षे तिच्या फोनला उत्तर देण्याची जबाबदारीही घेतलेली असते.

त्यामुळे संगणक अधिकृतपणे पात्र असेल तर मी विंडोज ११ ची निवड करेन आणि त्यात विलंब करणार नाही. तो अपात्र असेल आणि काम ब्राउझरमध्येच होत असेल तर लिनक्स. अपात्र असून काम विंडोजच्याच सॉफ्टवेअरवर अडलेले असेल तर वाढीव मुदतीत नोंदणी करून त्या काळात दुसऱ्या संगणकाची सोय करणे योग्य ठरेल.

मार्ग कोणताही असो, सुरुवात बाहेरच्या डिस्कवर घेतलेल्या बॅकअपने करावी आणि त्यातल्या दोन-चार फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात, कारण न उघडलेला बॅकअप खात्रीचा नसतो. विंडोज ११ वर गेल्यावर जुन्या सिस्टिमकडे परतण्याची सोय फक्त १० दिवस राहते. जुन्या फाइली ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये असतात आणि त्यानंतर त्या आपोआप पुसल्या जातात. म्हणून महिनाअखेरीच्या किंवा परीक्षेच्या धावपळीत अपग्रेड करू नये. जेव्हा त्या १० दिवसांत प्रत्येक प्रिंटर, प्रत्येक स्कॅनर आणि वर्षातून एकदाच लागणारा प्रोग्रॅमही निवांतपणे चालवून पाहता येईल, असा आठवडा त्यासाठी निवडावा, आणि जागा कमी पडते म्हणून डिस्क क्लीनअपने तो फोल्डर त्याआधी काढून टाकू नये.