प्लांट की क्यूसी? दोन्हीकडे नोकरी केलेल्या केमिस्टचं मत

एमएस्सी ऑरगॅनिकचा निकाल लागला की मुंबईतल्या मुलामुलींपुढे हा प्रश्न येतोच. बल्क ड्रगच्या, म्हणजे औषधांचा मूळ माल बनवणाऱ्या, कंपनीत प्रॉडक्शन घ्यायचं की क्यूसी, म्हणजे माल तपासणारी लॅब? गेल्या महिन्यात भाचीने फोनवर विचारलं, तेव्हा धड उत्तर देता आलं नाही, म्हणून सवडीने लिहितोय. मी रुईया कॉलेजातून बाहेर पडलो तो थेट ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका प्लांटवर. नऊ वर्षं तिथे काढली, मग दुसरीकडे एकवीस वर्षं क्यूसी, आणि तिथूनच रिटायर झालो. आर अँड डी केलं नाही, त्यामुळे त्याबद्दल बोलत नाही.

आधी प्लांटचं सांगतो, कारण मला केमिस्ट्री कळली ती तिथेच. कॉलेजात एक लिटरचा फ्लास्क बर्फात बसवला की बघता बघता गार होतो. तीन हजार लिटरच्या ग्लास-लाइन्ड रिअ‍ॅक्टरला तेच करायला तासन् तास लागतात. माल वाढतो त्या प्रमाणात उष्णता बाहेर टाकणारी भिंत वाढत नाही. हे पुस्तकात वाचलेलं असतंच, पण ब्राइन, म्हणजे गार करणारं खारं पाणी, पूर्ण सोडलेलं असताना तापमानाचा काटा वरच चढतोय हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की ते अंगात मुरतं.

आणि क्रिस्टलायझेशन! साइट ग्लासला, म्हणजे आत बघायच्या काचेला, टॉर्च लावून उभं राहायचं. आत कोऱ्या चहासारखं नितळ सोल्यूशन फिरत असतं. सीड, म्हणजे त्याच मालाचे थोडे तयार क्रिस्टल, टाकल्यावर थोडा वेळ काहीच होत नाही. मग उजेडात एखाद-दुसरा कण चमकतो, मग धुकं धरल्यासारखं दिसतं, आणि थोड्या वेळात सगळा रिअ‍ॅक्टर चकाकत्या क्रिस्टल्सनी भरून जातो. क्यूसीच्या एकवीस वर्षांत असा आनंद मला पुन्हा मिळाला नाही, हे आधीच कबूल करतो.

पैसे म्हणाल तर माझ्या वेळी शिफ्ट अलाउन्समुळे प्लांटवाल्याच्या हातात थोडे जास्त पडायचे. नाइट शिफ्टचा त्रास सगळ्यांना ठाऊक आहे. तरुणपणी तो सोसतो.

मला प्लांट सोडायला लावलं ते चार्ज घेण्याने, म्हणजे शिफ्ट बदलताना चालू काम ताब्यात घेण्याने. बॅच वीस-बावीस तास चालायची. एकाने सुरू केलेली, दुसऱ्याने सांभाळलेली, तिसऱ्याने उतरवलेली. दुपारी तीनला पहिली शिफ्ट सुटे. गेटबाहेर बस उभी असे, आणि रिलिव्हर दिसला की पहिल्या शिफ्टचा माणूस लॉगशीट हातात देऊन निघे. एकदा अशीच लॉगशीट माझ्या हातात आली. तापमान साडेनऊपासून ६५, ६०, ५५ असं करत तीनच्या ठोक्याला १०. दर अर्ध्या तासाला बरोबर पाच अंश. इतका सुबक उतार खऱ्या रिअ‍ॅक्टरला नसतो. सगळे आकडे एकाच बैठकीत, एकाच पेनाने भरलेले दिसत होते. तरी मी खाली सही केली, कारण सगळेच करत.

माल सेंट्रिफ्यूजला, म्हणजे गरगर फिरवून कापडातून गाळणाऱ्या यंत्राला, घेतला तर निव्वळ चिखल. एकदम गार केलं की क्रिस्टल फार बारीक पडतात, कापडाची भोकं बुजवतात, मदर लिकर, म्हणजे क्रिस्टल पडल्यावर उरलेलं द्रावण, त्यांच्यात अडकून राहतं आणि त्याच्याबरोबर इम्प्युरिटीही. एरवी दोन तासांत उतरणारा माल रात्री अकराला, माझा रिलिव्हर आला तरी, अर्धा आतच. हेल्पर हळूच म्हणाला, “साहेब, जेवणानंतरच ब्राइन सोडलं होतं, तेही फुल.” बॅच इम्प्युरिटीत फेल गेली. कागदावर कूलिंग बरोबर होतं, म्हणजे चूक सेंट्रिफ्यूजची, म्हणजे माझी. मेमो मला मिळाला. त्या माणसाचा मला फारसा राग आला नाही. त्याला बस गाठायची होती. पण जे मी पाहिलं नव्हतं त्याच्याखाली माझी सही होती, आणि प्रत्येक शिफ्टला ती तशीच होत राहणार होती. ते मला झेपेना. सगळे प्लांट असेच असतात असं मुळीच नाही. आता बऱ्याच ठिकाणी तापमान आपोआप नोंदलं जातं.

क्यूसीत सॅम्पल मी तोलतो, मी पातळ करतो, मी इंजेक्ट करतो, आणि सही त्याच कामावर असते. बाकी काम किचकट आहे, यात शंका नाही. मालातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रासाठी मोबाइल फेज, म्हणजे त्यातून वाहणारं द्रावण, गाळा, त्यातली हवा काढा, आलेखाची बेसलाइन सरळ होईपर्यंत बसा. फॉस्फेट बफर पंपात तसाच ठेवून घरी गेलात तर सकाळी आत मीठ धरलेलं असतं. आधी पाणी, मगच मेथेनॉल. आणि मुंबईच्या पावसाळ्यात कार्ल फिशर, म्हणजे मालातलं पाणी मोजायची चाचणी. जुन्या रिएजंटमध्ये पिरिडिन असे, त्याचा वास लोकलमध्येही हाताला येत राही. पिवळा रंग तपकिरी झाला की एंड पॉइंट, पण सेलचं झाकण जरा सैल असेल तर हवेतली ओल आत शिरून तो डोळ्यांदेखत फिका पडतो. जानेवारीत आरामात पास होणारी पावडर जुलैत मर्यादेच्या काठावर यायची. शेवटी मी बुचाच्या छोट्या बाटलीतून सॅम्पल थेट सेलमध्ये टाकून बाटलीच्या वजनातला फरक धरू लागलो, तेव्हा आकडे स्थिरावले. चूक माझ्या हातून होत होती आणि ती मलाच सापडली. याची किंमत प्लांटवर नऊ वर्षं घालवलेल्यालाच कळेल.

क्यूसीतही त्रास आहे. बॅच फेल गेली की प्रॉडक्शनचा फोन येतो, “एकदा परत लावून बघा ना.” पण इथे पाठीशी नियम आहे. १९९३ साली अमेरिकेत बार लॅबोरेटरीज या औषध कंपनीच्या खटल्यात कोर्टाने स्पष्ट केलं, की कारण न शोधता पास होईपर्यंत तपासत राहणं चालणार नाही. आज आपल्याकडच्या लॅबमध्येही ओओएसची, म्हणजे मर्यादेबाहेर आलेल्या आकड्याची, चौकशी त्याच विचाराने चालते. मला त्या निकालाचा फार आधार वाटायचा.

मुंबईच्या मुलांनी आणखी एक विचार करावा. भांडुप-मुलुंडच्या एलबीएस मार्गावरच्या कित्येक कारखान्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. प्लांट घेतलात तर तारापूर, महाड, कुरकुंभ, नाहीतर गुजरातेत दहेज-अंकलेश्वरला जायची तयारी हवी. लॅबचं काम अजून ठाणे-नवी मुंबईच्या टप्प्यात मिळतं. आईवडील थकलेले असतील तर हे लहान कारण नव्हे.

ज्याला काहीतरी बनवल्याशिवाय चैन पडत नाही त्याने खुशाल प्लांट घ्यावा, साइट ग्लाससमोर तो नक्की सुखी होईल. भाचीला मात्र मी क्यूसीच सुचवलंय. तिला तरीही प्लांट बघायचा आहे, तर तिला एवढंच सांगितलं: इंटरव्ह्यूला बोलावलं की जमल्यास दुपारी तीनच्या सुमाराची वेळ माग. दोन शिफ्ट रिअ‍ॅक्टरपाशी उभ्या राहून चार्ज देतात-घेतात, की लॉगशीट टेबलावर टाकून बसकडे धावतात, ते स्वतः बघून ये.