न्यू जर्सी की लंडन? आजारपणाचा हिशेब आधी मांडा

दोन्हीकडच्या नोकरीच्या ऑफर हातात असल्या की पगाराला डॉलर-पौंडाच्या भावाने गुणून आपण मोकळे होतो. आजारपणाचं गणित मात्र पहिलं बिल आल्यावर सुरू होतं.

आधी देशांचे आकडे. २०२३ साली अमेरिकेचा आरोग्यखर्च जीडीपीच्या १७.६ टक्के होता, म्हणजे माणशी साधारण १४,५७० डॉलर. ब्रिटनचा ११ टक्क्यांच्या आसपास. एवढं ओतूनही अमेरिकेतलं सरासरी आयुर्मान ७८.४ वर्षं, ब्रिटनमधलं साधारण ८१. अमेरिकन माणूस काही उठसूट डॉक्टरकडे पळत नाही. तीच गोळी, तोच एमआरआय, तेच बाळंतपण तिथे महाग आहे, आणि वर विम्याच्या कारभाराचा खर्च. पण टक्का कमी म्हणून खिसा वाचतो असंही नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको. भारतात २०२१-२२ मध्ये हा खर्च जेमतेम ३.८३ टक्के होता आणि त्यातला ३९ टक्के लोकांनी थेट पदरचा भरला.

तेव्हा बघायचं ते तुमच्याकडून किती आणि कधी जातं.

अमेरिकेत कंपनीमार्फतच्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २०२४ मध्ये २५,५७२ डॉलर होता. त्यातले सुमारे ६,३०० कर्मचाऱ्याच्या पगारातून कापले जात. त्यावर डिडक्टिबल, म्हणजे विमा सुरू होण्याआधी तुम्ही भरायची रक्कम. एचआरला हा आकडा आणि वर्षभरात तुमच्या खिशातून जास्तीत जास्त किती जाऊ शकतात ती मर्यादा विचाराच. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस, आणि कंपनीचा विमाही नेमका त्याच वेळी सुटतो.

ब्रिटनमध्ये उलटं, पैसे आधी. फेब्रुवारी २०२४ पासून व्हिसासोबतच आरोग्य अधिभार: मोठ्यांना वर्षाला १,०३५ पौंड, मुलांना ७७६. नवरा-बायको आणि एक मूल, पाच वर्षांचा व्हिसा: १४,२३० पौंड एकरकमी! काही कंपन्या हे पैसे देतात. सही करण्याआधी विचारा. पुढे जीपी, म्हणजे तिथला फॅमिली डॉक्टर, आणि हॉस्पिटलचं बिल नाही. त्रास आहे तो थांबण्याचा. ठरवून करायच्या उपचारांसाठी १८ आठवड्यांचं उद्दिष्ट आहे, पण इंग्लंडची प्रतीक्षायादी ७० लाखांवर गेलेली. दातांची कामं इथेच उरकून जा.

माझं मत: दोघंच, तब्येत ठणठणीत आणि विमा चांगला असेल तर अमेरिका. बाळाचा विचार असेल किंवा घरात मधुमेह असेल तर लंडन.

आईबाबा येणार असतील तर दोन्हीकडे प्रवासी विमा लागेलच. इंग्लंडमध्ये जीपी पाहुण्यांनाही फुकट तपासतो, पण ॲडमिट केलं की दीडपट दराने बिल. अमेरिकेत तर विमा असूनही जुनं दुखणं बहुतेक पॉलिसींत बसत नाही. बाबांची ॲन्जिओप्लास्टी झालेली असेल तर तिकिटाआधी पॉलिसी वाचा.