मकरपुऱ्यातला दोन फाकांचा फ्लोट: फोम चोख, पण क्लॅम्प बघून घ्या

समुद्रात बुडवलेल्या रबरी होजला मधेच उचलून धरणारा फ्लोट आता बडोद्यात, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतच मिळतो. ज्या भट्टीत पाण्याच्या टाक्या फिरतात, त्याच भट्टीत याचंही पिवळं कवच तयार होतं. आत पीयू (पॉलियुरेथेन) फोम भरतात. दोन फाका होजवर बसवून बोल्टने आवळल्या की झालं. माल चांगला आहे. घ्यावा असाच आहे. पण पत्रकावर छापलेल्या उचल क्षमतेवर भरवसा ठेवू नका, आणि कंपनीने दिलेला क्लॅम्प, म्हणजे फ्लोट सरकू नये म्हणून होजवर आवळायचा पट्टा, जसाच्या तसा बसवू नका.

होजला असा आधार का लागतो, ते आधी. बडोद्याजवळच्या कोयली रिफायनरीला येणारं आयात कच्चं तेल कच्छच्या आखातात वाडिनारला समुद्रातल्या तरंगत्या बोयाशी बांधलेल्या टँकरमधून उतरतं. बोया लाटांवर हलतो, तळावरचा मॅनिफोल्ड, म्हणजे पाइपलाइनचं तोंड, जागचा हलत नाही. दोघांमधली होज ताठ ठेवली तर तुटेल, आणि सैल सोडली तर तळावर घासून तिचं वरचं आवरण फाटेल. म्हणून मधल्या भागाला फ्लोट लावून कुबड काढतात. बोया वर-खाली झाला की ते कुबड उलगडतं आणि परत जमतं, तळाकडच्या जोडाला हिसका बसत नाही. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या खोल पाण्याच्या पाइपांमागेही हाच विचार असतो. फक्त तिथे फोम वेगळा लागतो, त्याचं पुढे बघू.

आम्ही पाहिलेला नमुना ८ इंची होजसाठीचा: बाहेरचा व्यास ७०० मिमी, लांबी ५०० मिमी, भोक २७० मिमी. क्लॅम्पची खाच वजा करून घनफळ साधारण १६२ लिटर भरतं. कवच ८ मिमी जाड एचडीपीई प्लास्टिकचं, वजन सुमारे २० किलो. फोम घनमीटरला ६० किलो घनतेचा, म्हणजे साडेआठ किलो. स्टेनलेसचा क्लॅम्प बोल्टांसकट ९ किलो, पाण्यात तो ८ च्या आसपास भरतो. समुद्राच्या पाण्याचा लिटर १.०२५ किलोचा, म्हणून १६२ लिटर पाणी बाजूला सारलं की वरचा जोर १६६ किलो. त्यातून ही सगळी वजनं काढली की निव्वळ उचल उरते १३० किलो. गोड्या पाण्यात १२६.

पत्रकावर मात्र १४५ किलो छापलंय. हा आकडा कारखान्याच्या टाकीपाशीच उलगडतो. फ्लोटखाली लोखंडी प्लेटा अडकवत जातात, आणि फ्लोट जेमतेम बुडला की प्लेटांचं काट्यावरचं वजन लिहून घेतात. पण लोखंडही पाण्यात हलकं होतं, त्याचं वजन ८७ टक्केच उरतं. १४५ किलो प्लेटा टाकीत १२६ किलोच ओढतात. म्हणजे चाचणी बरोबर झाली आणि आकडा चुकीचा लिहिला गेला. यात लबाडी दिसत नाही, पण याच आकड्यावर कोणी फ्लोटांची संख्या काढली तर दर नऊ-दहा फ्लोटांमागे एक कमी पडेल. माल उचलताना सुपरवायझरला सरळ सांगा, “काका, एक नग बुडवून दाखवा, आणि प्लेटांचं वजन पाण्यातलं धरा.” ते दाखवतात, खळखळ करत नाहीत.

फोमच्या बाबतीत मात्र मनापासून शाबासकी द्यायला हवी. कापून दाखवलेल्या नगात फोम कवचाला सगळीकडे चिकटलेला होता, कोपऱ्यात पोकळी नव्हती. हे साधं काम नाही. फोम थंड होताना आकसतो आणि कवचापासून सुटतो. मग भरायच्या बुचातून झिरपलेलं पाणी त्या फटीत साचतं आणि वर्षभरात फ्लोट जड होतो. तुमचा नग कापता येणार नाही, तेव्हा लाकडी हातोडीने सगळीकडून ठोकून बघा. भरीव जागी आवाज बद्द येतो, पोकळ जागी ढोलासारखा. बूच वेल्ड करून बंद केलेलं हवं, नुसतं आट्यांवर आवळलेलं नको. दोन फाकांच्या मिळत्या कडेला कवच पातळ निघण्याची शक्यता जास्त, तिथे जाडीमापक लावा.

हा फोम २० मीटर खोलीपर्यंतच. दर १० मीटरला पाण्याचा दाब १ बारने वाढतो, आणि ६० किलो घनतेचा पीयू फोम ४ बारच्या आसपास दबायला लागतो. वर्षानुवर्षं पाण्यात राहायचं असेल तर त्याच्या निम्म्यावरच थांबलेलं बरं. हजार मीटरवर १०० बार दाब असतो. तिथे काचेचे बारीक पोकळ गोळे रेझिनमध्ये घट्ट बसवलेला सिंटॅक्टिक फोम वापरतात. तो कितीतरी जड आणि महाग, आणि ती मकरपुऱ्याच्या भट्टीची गोष्ट नाही.

आता किती अंतरावर लावायचे. ८ इंची होजचा बाहेरचा व्यास २६० मिमी, वजन फ्लँजसकट (फ्लँज म्हणजे टोकाची जोडचकती) मीटरला ४५ किलो धरा. आत समुद्राचं पाणी भरलं तर बुडालेल्या अवस्थेत ती मीटरला २२.८ किलो खाली ओढते. डिझेल भरलं तर १७ किलो. आणि रिकामी असेल तर ओढत नाहीच, उलट मीटरला ९.४ किलोच्या जोराने स्वतःच वर येते. हा फरक डोक्यात पक्का बसवा, कारण समुद्रावरच्या बऱ्याच फजित्यांचं मूळ इथे आहे. हिशेबासाठी फ्लोटची उचल १० टक्के कमी, ११७ किलो धरा. शिंपले-कालवं चिकटतात, फोम थोडं पाणी पितो, त्याची ही तजवीज. दर अडीच मीटरला एक फ्लोट लावला तर मीटरला ४६.८ किलो उचल मिळते, पाणी भरलेल्या होजचं वजन जाऊन वरच्या दिशेला २४ उरतात. कुबड नीट उभं राहतं. २० मीटरच्या कुबडाला आठ फ्लोट पुरे.

पण तीच होज कोणी हवा भरून रिकामी केली, तर नव्या फ्लोटांसकट मीटरला ६१ किलोचा जोर वर लागतो आणि कुबड सरळ पृष्ठभागावर येतं, एखाद्या बोटीच्या पंख्याखाली. म्हणून होज पाणी भरूनच सोडायची, आणि देखभालीला रिकामी करायची असेल तर आधी पाणबुड्यांकडून फ्लोट काढून घ्यायचे, अर्धे काढून भागत नाही, आणि रिकामी होज तरीही स्वतःच वर येणार हे धरून चालायचं.

आठांतला एक निसटला तर आठवा हिस्सा गेला, असंही समजू नका. आठांची उचल ९३६ किलो, होजचं वजन ४५६, कामाला येणारे ४८०. एक गेला की ३६३. म्हणजे चौथाई जोर गेला, आणि जिथून फ्लोट गेला तिथे होजला तीव्र वळण पडतं.

तो निसटतो कसा? इथेच या मालाची खरी उणीव आहे. कंपनी दोन प्रकार देते. स्वस्त प्रकारात वेगळा क्लॅम्प नसतो, फ्लोटच्या बाहेरून पट्टा आवळून फाकाच होजवर दाबतात. तो घेऊच नका. दाबाने कवच हळूहळू पसरतं आणि पकड जाते. दुसऱ्या प्रकारात होजवर आधी क्लॅम्प बसतो आणि फ्लोट त्याच्याभोवती खाचेत सैल राहतो. रचना ही बरोबर. पण क्लॅम्प म्हणजे ५० बाय ३ मिमीचा ताठ स्टेनलेस पट्टा, आत पातळ रबर.

होज आडव्या रेषेशी ६० अंशांत उभी असेल तर १३० किलोच्या फ्लोटचा ११३ किलो जोर होजच्या लांबीच्या दिशेने लागतो. ओल्या रबराचं घर्षण ०.२ आणि सुरक्षेसाठी तिप्पट धरलं, तरी पट्ट्यात २७० किलो ताण पुरतो. पान्याने तो सहज येतो. अडचण पुढेच आहे. एवढ्या ताणाला ८१७ मिमीचा तो पट्टा एक दशांश मिमीसुद्धा ताणला जात नाही. रबर दबत जातं, होज ताणाखाली बारीक होते. व्यास नुसता १ मिमीने घटला तरी पट्ट्याला ३.१४ मिमी आत यावं लागतं. ताठ पट्टा येत नाही, आणि पकड एकदम शून्यावर जाते. तुम्ही कितीही आवळा, फरक पडत नाही. जास्त आवळलं तर होजचं आवरण मात्र चिरडतं.

उपाय असा: प्रत्येक बोल्टखाली डिस्क स्प्रिंगांची (वाटीसारख्या लवचिक चकत्यांची) चळत घाला, दोन्ही बाजू मिळून पट्ट्याची किमान ४ मिमी ढिलाई भरून काढेल इतकी. आतलं रबर पातळ नको, १० मिमीचं घ्या. आवळल्यावर २४ तासांनी पुन्हा टॉर्क पाना लावा, आणि होज सोडण्याआधी एकदा दाबाची चाचणी झाल्यावर परत. पहिला फ्लोट फ्लँजच्या जवळ बसवता येत असेल तर उत्तम, तो सरकून जाणार कुठे? मात्र होजच्या टोकाला आत जी लोखंडी निपल असते तिच्यावर नाही, तिच्यापुढे.

बोल्टवर नुसतं ‘एसएस’ लिहिलेलं चालवून घेऊ नका. ३०४ दर्जाचा स्टेनलेस समुद्रात वॉशरखाली सडतो, ३१६ दर्जाचा मागा. चुंबकाने या दोघांतला फरक कळत नाही, ३१६ मध्ये असलेल्या मॉलिब्डेनम धातूची थेंब चाचणी करावी लागते. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं आवळलं तर आटे जागीच चिकटतात, म्हणून अँटी-सीझ पेस्ट लावूनच नट चढवा. भोकाच्या कडेला साच्याची बारीक धार राहिलेली असते. बोट फिरवलं की लागते. पटाशीने ती तासून गोल करा, नाहीतर प्रत्येक लाटेबरोबर ती होजचं आवरण कापत राहील.

कच्छच्या आखातात नेणार असाल तर हा माल चालेल, प्रवाहाचा हिशेब करून. खंभातच्या आखातासाठी, म्हणजे दहेजच्या बाजूला, नको. भारताच्या किनाऱ्यावरची सर्वांत मोठी भरती-ओहोटी तिथे आहे. सेकंदाला १ मीटर प्रवाहात या फ्लोटवर आडवा जोर १८ किलो पडतो, २ मीटरला ७३, आणि ३ मीटरला १६० च्या वर, म्हणजे उचलीपेक्षा जास्त. कुबड उभं न राहता आडवं झोपतं. तिथे होज तळाशी दोरखंडाने वजनाला बांधलेली हवी, नुसत्या फ्लोटांवर नाही.

दर विचारताना नगाचा विचारू नका, समुद्राच्या पाण्यातल्या एका किलो निव्वळ उचलीचा विचारा, क्लॅम्पसकट. ऑर्डरवर चार गोष्टी लिहून घ्या: गोड्या पाण्यातली मोजलेली उचल, बोल्टचा ३१६ चा दाखला, डिस्क स्प्रिंग, आणि दर आठ फ्लोटांमागे एक जादा क्लॅम्प. फ्लोट शेडमध्ये ठेवा. बडोद्याच्या मे महिन्यात उघड्यावर पडलेल्या फाका वाकतात आणि मग एकमेकींना मिळत नाहीत.