भालुकपाँगच्या गेटवर कळलं, परवाना दुसऱ्याच कुणाचा होता

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये अरुणाचलच्या अठरा दिवसांच्या पक्षीनिरीक्षण सहलीपायी आमचे १,७२,००० रुपये बुडाले. हे लिहू नये, असं ह्यांचं म्हणणं होतं. आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांचे पैसे सांभाळले आणि स्वतःचे असे घालवले, हे चारचौघांत कशाला सांगायचं? पण गेल्या महिन्यात जे घडलं, त्यानंतर तेच म्हणाले, लिही, आणि काही झाकून ठेवू नकोस.

आम्ही सांगलीचे. पंधरा-सोळा वर्षं दोघंही गळ्यात दुर्बीण अडकवून हिंडतोय. मायणी, सागरेश्वर, चांदोली, आंबोली, मग पावसाळा सरला की सह्याद्रीतले गड. निवृत्तीनंतर एकदा तरी ईगलनेस्टला जायचं, हे बरीच वर्षं मनात होतं. पश्चिम कामेंग जिल्ह्यातलं हे अभयारण्य फार मोठं नाही, २१७ चौरस किलोमीटरचं. पण पाचशे मीटरपासून सव्वातीन हजार मीटरपर्यंतचे डोंगर त्यात येतात, त्यामुळे एकाच कच्च्या रस्त्याने उतरत गेलं की तासातासाला पक्षी बदलतात. लामा कॅम्प, बोंपू ही तिथल्या छावण्यांची नावं आम्ही इतक्यांदा वाचली होती की जाऊन आल्यासारखीच वाटायची.

आणि तिथला तो पक्षी, बुगुन लियोसिचला. काळी टोपी, डोळ्यापुढे नारिंगी-पिवळा ठिपका, पंखात लाल आणि पिवळा रंग. पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ रमण अत्रेय यांनी २००६ मध्ये ही नवीन जाती जगापुढे आणली. पक्षी मारून त्याचा नमुना ठेवायची रीत त्यांनी मोडली. गळालेली पिसं, फोटो आणि आवाजाच्या नोंदी यांवरच वर्णन केलं, कारण पक्षी इतके थोडे होते की एकही गमावणं परवडणारं नव्हतं. तिथल्या बुगुन लोकांनी पुढे २०१७ मध्ये आपल्या जंगलातलं १७ चौरस किलोमीटर क्षेत्र सामुदायिक राखीव म्हणून जपायला ठेवलं. मी शाळेत शिकवत असताना ही गोष्ट मुलांना सांगत असे. हे सगळं लिहिते आहे, कारण आम्हाला फसवणाऱ्या माणसाने नेमका याच गोष्टीला हात घातला.

तो आमच्या पक्षीमित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होता. कुणी आणलं, कुणालाच आठवत नाही. पाच महिने त्याने पैशाचं नावही काढलं नाही. कुणी धूसर फोटो टाकला की हा ओळखून द्यायचा, आणि बहुतेक वेळा बरोबर. स्वतःचे म्हणून सुंदर फोटो टाकायचा. मला ‘दीदी’ म्हणायचा, ह्यांना ‘अंकल’. ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा फोन करून चौकशी केली. नात्यातल्या दोघाजणांनी केली नव्हती.

फेब्रुवारीत त्याने मला एकटीला मेसेज केला. एका जोडप्याचं रद्द झालंय, ईगलनेस्ट, दिरांग, मंडला रोड आणि सेला मिळून अठरा दिवस, दोघांचे १,७२,०००. छावणी बुगुन गावाची, पैसा थेट गावाला जातो. त्या वाक्यावर आम्ही घासाघीसही केली नाही. गावाच्या पैशात काय कमी करायचं, असं मीच ह्यांना म्हणाले.

‘तंबू आज नक्की केला नाही तर कोलकात्याच्या ग्रुपला जाईल’ म्हणून त्याच दिवशी ४०,००० पाठवले. चार दिवसांनी ४६,०००. मार्चअखेर ‘वनखात्याचं प्रवेशशुल्क आणि गाडीचं भाडं आधी भरावं लागतंय’ म्हणून ६२,०००. तीन वेळा यूपीआयने पैसे गेले आणि तिन्ही वेळा पडद्यावर वेगळं नाव आलं. पहिल्यांदा विचारलं तर ‘हमारी अकाउंटंट’, दुसऱ्यांदा ‘कॅम्पवाले का भाई’. तिसऱ्यांदा आम्ही विचारलंच नाही. आता कळतं, ती भाड्याची खाती होती. असे लोक गरजू माणसांची खाती वापरायला घेतात आणि पैसा एका खात्यात तासभरही ठेवत नाहीत.

पावती मात्र त्याने रीतसर पाठवली होती. तेजपूरचा पत्ता, नावापुढे प्रायव्हेट लिमिटेड, जीएसटी क्रमांक. हे जरा नीट वाचा, कारण पाच मिनिटांत उलगडा झाला असता. पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. आसामचा १८, अरुणाचलचा १२, आपला २७. आमच्या पावतीवर ०७ होते, म्हणजे दिल्ली. पुढची दहा अक्षरं पॅनची, आणि पॅनचं चौथं अक्षर मालक कोण ते सांगतं: कंपनी असेल तर ‘सी’, भागीदारी असेल तर ‘एफ’, एकटा माणूस असेल तर ‘पी’. प्रायव्हेट लिमिटेडच्या पावतीवर ‘पी’ होता. ह्यांची हयात असले कागद तपासण्यात गेली. घरी परतल्यावर जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला, तेव्हा दिल्लीतल्या कुठल्यातरी दुकानाचा निघाला, तोही रद्द झालेला. ह्यांनी लॅपटॉप मिटला आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

अरुणाचलात जायला आपल्यालाही इनर लाइन परमिट लागतं, इंग्रजांच्या १८७३ च्या नियमापासून चालत आलेलं. ते सरकारी संकेतस्थळावर स्वतः काढता येतं, शुल्क अगदी किरकोळ. पण ‘दीदी, आप क्यों तकलीफ उठाती हैं’ म्हणत त्याने आमची आधार कार्डं आणि फोटो मागवून घेतले. आठवड्याने परवान्याची पीडीएफ आली. मी प्रिंट काढून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवली. ती उघडून नीट बघितली नाही.

गुवाहाटीच्या हॉटेलात रात्री नऊला त्याचा फोन आला. राहिलेले २४,००० आत्ता पाठवा, नाहीतर ड्रायव्हर पहाटे निघणार नाही. पाठवले. आणि पहाटे पाचला गाडी खरोखर दारात उभी होती. त्यामुळे उरलीसुरली शंकाही गेली.

अकराच्या सुमारास भालुकपाँग आलं. इथे आसाम संपतं, अरुणाचलचं गेट लागतं. खाली नदी, वर ढगांत गेलेला डोंगर. गेटवरच्या पोलिसाने कागद पाहिला, क्रमांक आपल्याकडे तपासला, पुन्हा पाहिला. मग म्हणाला, मोबाइलवरची पीडीएफ दाखवा. त्याने दोन बोटांनी माझं नाव मोठं केलं आणि फोन माझ्याकडे वळवला. नावाच्या मागे एक पांढरी पट्टी होती, कागदाच्या फिक्कट रंगाहून किंचित जास्त पांढरी. पट्टीच्या खालच्या कडेला आधीच्या नावातल्या अक्षरांची टोकं दिसत होती. माझ्या फोटोच्या एका बाजूला दुसऱ्या कुणाच्या खांद्याचा निळा काठ राहिला होता. ‘मॅडम, यह नंबर किसी और का है. पिछले साल का.’ तो चांगला माणूस होता. खोटा परवाना आणला म्हणून आम्हाला अडकवू शकला असता. त्याने आम्हाला खुर्ची दिली, पाणी दिलं.

त्या माणसाचा फोन बंद. ड्रायव्हर पोरगा गोंधळला. त्याला फक्त भालुकपाँगपर्यंत सांगितलेलं, हातात १,५०० टेकवलेले, बाकीचे ६,५०० पॅसेंजर देतील म्हणून सांगितलेलं. त्याचीही फसवणूकच झाली होती. आम्ही त्याचे पैसे दिले. पुण्याच्या एका मैत्रिणीकडून ईगलनेस्टला खरोखर छावणी चालवणाऱ्यांचा नंबर मिळाला. त्यांच्याकडे आमच्या नावाचं काहीच बुकिंग नव्हतं. ‘आमचं नाव सांगून पैसे घेतल्याचा फोन याआधीही आलाय,’ ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात आमच्याइतकाच त्रास होता. कृपा करून तिथल्या खऱ्या लोकांवर संशय घेऊ नका. त्यांनी जपलेल्या नावावरच ह्या माणसाने धंदा मांडला होता.

चहाच्या टपरीवर बसून ह्यांनी १९३० ला फोन लावला. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक. पलीकडच्या मुलीने एकच गोष्ट पुन्हापुन्हा मागितली, प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक. तो यूपीआय ॲपमध्ये त्या व्यवहाराच्या तपशिलात असतो, आत्ताच उघडून कुठे दिसतो ते बघून ठेवा. फेब्रुवारी-मार्चचे पैसे केव्हाच पुढे गेले होते. रात्रीच्या २४,००० पैकी ९,३०० रुपये एका खात्यात सापडले आणि गोठवले गेले. चौदा तास उलटले होते. रात्रीच फोन केला असता तर कदाचित सगळे हाती लागले असते. ते ९,३०० सात महिन्यांनी, न्यायालयाच्या आदेशाने परत मिळाले.

मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर लेखी तक्रार टाकली. घरी आल्यावर पोलीस ठाण्यात ‘गुन्हा तिकडे घडला, तिकडे जा’ असं ऐकावं लागलं. ते ऐकून परत फिरू नका. गुन्हा कुठेही घडलेला असो, शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो, आणि १ जुलै २०२४ पासून हे नव्या कायद्यातच लिहिलेलं आहे. आमच्या शेजारच्या निवृत्त हवालदारकाकांनी हे सांगितलं, सोबत आले, तेव्हा नोंद झाली.

पैशांपेक्षा मला जास्त घोर लागला तो आधार कार्डांचा. आमचा कागद आता आणखी कुणाच्या नावावर चिकटणार? दोघांचं आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं. संचार साथीच्या संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं, तिथे ह्यांच्या नावावर आम्ही कधीच न घेतलेला एक नंबर निघाला. तो बंद करायला तिथूनच कळवता येतं. आता कुणालाही द्यायचं झालं तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार देते.

दोन रात्री आम्ही भालुकपाँगला आसामच्या बाजूला काढल्या आणि स्वतःचे परवाने स्वतः काढले. संध्याकाळी नदीवरून धनेशांचा थवा नामेरीच्या रानाकडे जाताना दिसला. पंखांचा आवाज आधी आला, पक्षी नंतर. हे दुर्बीण न उचलता नुसते बघत राहिले. पुढे जायचं की परत फिरायचं यावर बोलणं झालंच नाही, सकाळी दोघांनीही बॅगा भरल्या. एप्रिलात ईगलनेस्टच्या छावण्या भरलेल्या असतात, तिथे जागा मिळाली नाही. दिरांगला एका घरात चार दिवस राहिलो, सांगतीच्या खोऱ्यात चाललो, एकदा मंडला रोडला गेलो आणि परत आलो. लियोसिचला दिसला नाही.

एक गोष्ट मला अजून छळते. आमच्या ग्रुपवर कुणी दुर्मिळ पक्षी पाहिला म्हणून सांगितलं की आम्ही सगळे तुटून पडतो. भुवई कशी होती, पोट कुठल्या रंगाचं, आवाज ऐकलास का, फोटो आहे का. पुराव्याशिवाय नोंद मान्य करत नाही. त्या माणसाला मात्र एकानेही साधं विचारलं नाही की तू राहतोस कुठे, तुझ्याबरोबर कोण जाऊन आलंय, त्यांच्याशी बोलता येईल का. खरा गाइड असेल तर त्याच्याबरोबर गेलेल्या दोन-चार जणांचे नंबर त्याच्याकडे असतातच, आणि विचारल्याचा त्याला राग येत नाही.

त्याच्या फोटोंतला एक मला पाठ झाला होता. बांबूवर बसलेला लियोसिचला, बांबूच्या पेराला कोळ्याचं जाळं, जाळ्यात अडकलेलं एक वाळकं पान. घरी आल्यावर मूळ फोटो सापडला. तो दुसऱ्याच छायाचित्रकाराचा होता आणि त्यात पक्ष्याचं तोंड डावीकडे होतं. ह्याने आरशातल्यासारखा उलटा करून उजवीकडे केला होता, म्हणजे कुणी शोधायला गेलं तर सहज सापडू नये.

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीने मला दुसऱ्या पक्षीग्रुपमध्ये घेतलं. तिसऱ्या दिवशी तिथे तोच बांबू आला, तेच जाळं, तेच वाळकं पान. नाव वेगळं, नंबर वेगळा. मी ॲडमिनला फोन केला, मूळ फोटो आणि आमच्या तक्रारीची प्रत पाठवली. दहा मिनिटांत त्याला काढलं. थोड्या वेळाने नाशिकच्या एका बाईंचा फोन आला, आवाज कापत होता. त्यांनी आणि त्यांच्या मिस्टरांनी त्याच सकाळी ‘तंबू’साठी पैसे पाठवले होते. चार तास झाले होते. मी त्यांना पुढचं काही सांगू दिलं नाही, ॲप उघडून यूटीआर क्रमांक कागदावर लिहायला लावला आणि म्हटलं, ताई, माझा फोन ठेवा, आधी १९३० लावा.